पाहुण्यांच्या बाजूने

गाण्याच्या बैठकीत श्रोत्यांचे दोन तट नसतात. एखादा ग्वाल्हेर गायकीचा कितीही कट्टर अभिमानी असला, तरी समोर आग्र्याचा गवई रंगला की त्याचीही मान डोलते; निदान डोलावी, असा संकेत आहे. इंग्लंडात फुटबॉलच्या सामन्याला मात्र प्रेक्षकांचे दोन तट उघड उघड असतात. यजमान गावच्या मंडळींची दारे वेगळी, परगावहून आलेल्यांचे दार वेगळे. यजमान तीन बाजूंना, पाहुणे एका बाजूला, आणि मध्ये पिवळ्या डगल्यातले रखवालदार. मी पेशाने संगीतशिक्षक. फुटबॉलचे माझे ज्ञान बेताचेच. पण नॉटिंगहॅमला भाच्याकडे गेलो असता या पाहुण्यांच्या बाजूला उभे राहण्याचा योग आला, आणि तिथे जे पाहिले-ऐकले ते आपल्या गावच्या गाणेवेड्या मंडळींना सांगावे असे वाटले.

भाच्याचा संघ नॉट्स काउंटी. हा संघ १८६२ सालचा. जगातल्या धंदेवाईक फुटबॉल संघांत सर्वांत जुना म्हणून त्याची ख्याती. काळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा सदरा ही त्यांची खूण. इटलीतल्या जगप्रसिद्ध युव्हेंटसने १९०३ साली हा सदरा यांच्याच पाहून उचलला, हे नॉटिंगहॅमची माणसे पहिल्या पाच मिनिटांत आपल्याला सांगतात. सामना होता अ‍ॅक्रिंग्टन येथे. लँकेशायरच्या पूर्व भागात, ब्लॅकबर्न आणि बर्नली या दोन गावांच्या मध्ये वसलेले हे एकेकाळचे गिरण्यांचे गाव. १८८८ साली इंग्लंडात फुटबॉलची लीग स्थापन झाली तेव्हा तिचे बारा संस्थापक संघ होते. त्यांत नॉट्स काउंटी होता आणि अ‍ॅक्रिंग्टन नावाचाही एक होता. तो जुना अ‍ॅक्रिंग्टन लवकरच लयाला गेला. आजचा संघ अ‍ॅक्रिंग्टन स्टॅन्ली हा निराळा. त्याची कहाणी पुढे येईलच.

शनिवारी दुपारी तीन वाजता सामना. ही वेळही काही कोणाच्या लहरीने ठरलेली नाही. १८५० च्या फॅक्टरी कायद्याने कापड गिरण्यांतल्या बायका-मुलांचे शनिवारचे काम दुपारी दोनला थांबवले. त्यामागून पुरुषांचीही सुटी लवकर होऊ लागली. दोनला भोंगा वाजायचा, तीनला खेळ. गिरण्या केव्हाच बंद पडल्या, पण तीनचा ठोका राहिला. आपल्याकडे दरबार गेले तरी सकाळचे राग सकाळीच गातात, त्यातलाच हा प्रकार.

सकाळी लवकर समर्थकांच्या बसने निघालो. शंभरावर मैलांचा पल्ला. बसमध्ये शाळकरी पोरांपासून सत्तरी ओलांडलेल्या आजोबांपर्यंत सगळे वयोगट. गळ्यात काळे-पांढरे मफलर, मांडीवर सँडविचचे डबे. भाच्याने मलाही एक मफलर गुंडाळला आणि म्हणाला, "मामा, आजच्या दिवस तरी घराणे बदला."

अ‍ॅक्रिंग्टनला उतरलो तेव्हा भुरभुर पाऊस आणि बोचरा वारा. गावातली जुनी घरे पाहून नजर ठरते. इथे 'नोरी' नावाची, लोखंडासारखी टणक तांबडी वीट भाजली जात असे. तिच्यावर गावाचा केवढा अभिमान! दुपारच्या फराळाला मला शाकाहारी काय मिळणार ही चिंता होती, ती लँकेशायरनेच मिटवली. या भागात बटाटा-कांद्याची 'बटर पाय' करतात. कॅथलिक मंडळी शुक्रवारी मांस खात नसत, त्यांच्यासाठी निघालेला हा पदार्थ. आपल्या उपासाच्या पदार्थांचा हा दूरचा भाऊबंदच म्हणायचा.

पाण्याची बाटली घ्यायला एका दुकानात शिरलो. दुकानदार मूळ भरूचकडचे, राहायला ब्लॅकबर्नला. मी बडोद्याचा म्हणताच चेहरा फुलला. "तो तो तमे घरना ज!" आणि लगेच माझ्या मफलरकडे पाहून हसत म्हणाले, "पण आजे महेमान." घरचा आणि पाहुणा ही दोन्ही नाती एका दमात लागू पडावीत, याची मौज वाटली.

मैदान म्हणजे काय, तर तेवढ्यात आटोपणारे. साडेपाच हजारांच्या आत माणसे मावतात. पाहुण्यांसाठी एका गोलामागे सिमेंटच्या उघड्या पायऱ्या. छप्पर नाही, खुर्च्या नाहीत, उभे राहायचे. १९८९ साली शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी होऊन ९७ जणांचा अंत झाला, तेव्हापासून वरच्या दोन विभागांतल्या मैदानांवर सर्वांना बसायला जागा देणे सक्तीचे झाले. खालच्या विभागांत अशा उभ्या राहण्याच्या पायऱ्या अजून शिल्लक आहेत. मैदान दिसेल अशा जागी दारूचा पेला हाती धरायला १९८५ पासून कायद्याने बंदी. आणखी एक नियम मला फार आवडला. पाहुण्यांकडून तशाच जागेसाठी यजमानांपेक्षा जास्त दर घ्यायचा नाही, असे लीगचे बंधनच आहे. म्हणजे तट वेगळे, पण आतिथ्याचा हिशोब चोख.

खेळ सुरू झाला आणि माझ्या लक्षात आले की मी पाहतो आहे त्यापेक्षा ऐकतोच जास्त आहे. मोठ्या मैदानांचा आवाज दूरदर्शनवर आपण ऐकतो, तो एकसंध गर्जनेचा. लहान मैदानात असे नसते. चेंडूवर पाय पडल्याचा ठोका ऐकू येतो, खेळाडूंनी एकमेकांना घातलेल्या हाका ऐकू येतात, पंचाला एखाद्याने दिलेली शेलकी शिवीही सुटी ऐकू येते आणि तिच्यावर दोन्ही तटांत हशा पिकतो. दरबार हॉलमधले गाणे आणि कोणाच्या माडीवर तीस-चाळीस माणसांत झालेले गाणे यांत जो फरक, तोच इथे.

आणि पाहुण्यांचे गाणे! त्याला तंबोरा नाही, षड्ज कोणी देत नाही. कोपऱ्यातला एखादा जाड आवाज एक ओळ टाकतो. त्याने धरलेली पट्टी तीच सर्वांची. दुसऱ्या ओळीला पन्नास, तिसऱ्या ओळीला पाचशे माणसे त्यात येतात, आणि बेसूर आवाज एकमेकांना पोटात घेत मधोमध एक सूर आपोआप बसतो. समूहगानाचा वर्ग घेताना मी जे महिनोन्‌महिने घोकून घेतो, ते इथे पावसात विनासायास होत होते.

नॉट्सच्या मंडळींचे एक खास गाणे आहे. विषय अगदी क्षुल्लक : एका हातगाडीचे चाक निखळल्याची कैफियत. पण चाल अमेरिकेतल्या एका जुन्या लोकगीताची, तीन मात्रांच्या झोक्याची, आणि ही मंडळी ती इतक्या संथ लयीत म्हणतात की एखादा विलंबित ख्याल दादऱ्याच्या अंगाने चालला आहे असे वाटावे. त्याची जन्मकथा अशी सांगतात. १९९० साली श्रूझबरी येथे नॉट्सचा संघ दोन गोलांनी मागे होता. यजमान मंडळी ती चाल म्हणत होती. शब्द नीट कळेनात, तेव्हा नॉट्सच्या पाहुण्यांनी थट्टेने तिच्यावर आपलेच शब्द बसवले. संघाने दोन्ही गोल फेडले, आणि गाणे कायमचे घरी आले. म्हणजे या संघाची सर्वांत प्रिय चीज परक्या मैदानावर, यजमानांकडून उचललेली! आपल्या संगीतात तरी निराळे काय घडले? भास्करबुवा बखले बडोद्यात फैज महंमद खाँसाहेबांकडे शिकले, आग्र्याच्या नथ्थन खाँकडे शिकले, अल्लादिया खाँकडेही शिकले. चिजा दारोदार गेल्या म्हणून वाढल्या. स्वतः फैयाज खाँसाहेब बडोद्याचे दरबारी गायक, पण 'आफताब-ए-मौसिकी' ही पदवी त्यांना दिली मैसूरने.

गोलांचा हिशोब तिथल्या वर्तमानपत्रांनी छापलेला आहे. तो मी इथे मांडत नाही. मध्यंतरात माझ्या शेजारी उभ्या असलेल्या आजोबांना मी विचारले, "एवढ्या पावसात, एवढ्या लांब, उभे राहायला कशाला येता?" त्यांनी थर्मासमधला चहा झाकणात ओतून माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "घरच्या मैदानावर मी नसलो तर कोणाला कळायचे नाही. इथे नसलो तर कळते." हा संघ २०१९ साली, आपल्या इतिहासात प्रथमच, लीगमधून बाहेर फेकला गेला आणि २०२३ साली परत आला. ती चारही वर्षे हे गृहस्थ याहूनही लहान मैदानांवर जात राहिले होते. खेळ संपल्यावर खेळाडू आमच्या पायऱ्यांपाशी आले आणि डोक्यावर हात नेऊन आमच्यासाठी टाळ्या वाजवू लागले. कलावंताने श्रोत्याला दाद देण्याचा हा रिवाज मला नवा होता.

आता यजमानांची कहाणी. अ‍ॅक्रिंग्टन स्टॅन्ली मार्च १९६२ मध्ये, हंगाम चालू असताना, कर्जापायी लीगमधून बाहेर पडला आणि १९६६ साली संपूर्ण बंद झाला. धनिक आश्रयदाता कोणी उरला नव्हता. पण १९६८ साली गावातल्या माणसांनी तो पुन्हा स्थापन केला, १९७० पासून तो अगदी तळच्या स्पर्धेत खेळू लागला, आणि २००६ साली लीगमध्ये परतला. १९६२ मध्ये त्याची जागा मिळाली होती ऑक्सफर्ड युनायटेडला. २००६ मध्ये जे दोन संघ खाली गेले, त्यांतला एक ऑक्सफर्डच. चव्वेचाळीस वर्षांनी फिरून समेवर यावे तसे झाले. अशा लहान संघांचा गल्ला रिकामा राहू नये म्हणून इंग्लंडात शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात फुटबॉल सामन्यांचे थेट प्रक्षेपण आजही करत नाहीत. ही प्रथा १९६० च्या दशकात पडली आणि तिच्यासाठी हट्ट धरणारे बॉब लॉर्ड हे शेजारच्याच बर्नली संघाचे अध्यक्ष, व्यवसायाने खाटीक. घरबसल्या मोठ्यांचा खेळ दिसू लागला तर लहानांच्या दारी कोण जाईल, हा त्यांचा साधा सवाल.

माझे वडील बडोद्याच्या दरबारी कलावंतांच्या शेवटच्या पिढीतले. १९४९ साली संस्थान विलीन झाले तेव्हा ते अठरा वर्षांचे होते, नुकतेच साथीला बसू लागलेले. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. कलावंत कारखान्याच्या हकिकती ऐकतच वाढलो. त्या ऐकताना एक गोष्ट नेहमी टोचे. १८८६ साली मौलाबक्षांच्या हाताखाली निघालेली संगीतशाळा पुढे विद्यापीठात गेली आणि टिकली. पण दरबारची बैठक एका माणसाच्या आधारावर उभी होती, तो आधार निघताच ती बसली. वडील त्याचा दोष महाराजांना देत नसत. ते म्हणत, "आम्हाला ऐकणारे पुष्कळ होते रे, पण तिकीट काढून येणारे आम्ही तयारच केले नाहीत." अ‍ॅक्रिंग्टनच्या त्या ओल्या पायऱ्यांवर मला या वाक्याचा अर्थ नीट उमगला. तिथे आश्रयदाता एक नाही. तो चार-दोन हजार माणसांत वाटलेला आहे, आणि त्यांतले काहीशे दर पंधरवड्याला आपल्या खर्चाने परगावी जातात. म्हणून बुडालेला संघही पुन्हा तरंगतो.

आपल्याकडे दर महिन्याला एखाद्या मंडळाची बैठक होते. चाळीस खुर्च्या मांडतात, वीस भरतात. अलकापुरीहून दांडिया बाजारपर्यंत यायचे तर "फार लांब पडते" म्हणणारे मला भेटतात, आणि त्याच बैठकीचे ध्वनिमुद्रण पाठवा म्हणून गळही घालतात. बॉब लॉर्डच्या सवालाला आपल्याकडे अजून उत्तर नाही. पण एक सुचवावेसे वाटते. इंदूर, ग्वाल्हेर, सुरत, बेळगाव इथल्या मराठी मंडळांच्या बैठकींचे दिवस आपल्याला कळत असतात. आपल्या गावचा एखादा तरुण गायक तिथे गाणार असेल, तेव्हा त्याच्याबरोबर इथून पाच जणांनी आपले तिकीट काढून जावे. पुढच्या रांगेत जागा मागू नये; मागे, एका बाजूला बसावे. तिथले यजमान आपल्याला चहा देतील, आपण त्यांच्या गवयालाही दाद द्यावी, आणि कानाला गोड लागलेली एखादी चीज घेऊन यावे. परक्या गावात आपली पाच ओळखीची तोंडे समोर दिसली, तर गाणाऱ्याला केवढा धीर येईल! आणि त्यांतले एक तोंड दिसले नाही, तर त्याला ते कळेल.