वजन उतरवणारे इंजेक्शन : स्वस्त हवे, पण सरळ मार्गाने

निकाहाची दावत असो, ईदची भेट असो की शाळेची पालकसभा, हल्ली बायका एकमेकींना हळूच विचारतात, "ते वजन उतरवायचे इंजेक्शन स्वस्तात कुठे मिळते?" या प्रश्नात लाजण्यासारखे काही नाही. मधुमेह, बीपी, गुडघेदुखी ही वाढत्या वजनाचीच लेकरे. पण "कुठे मिळते" याआधी "कोणी लिहून दिले" हे विचारायला हवे. ते विसरले की पैसाही जातो आणि तब्येतही.

ही औषधे मुख्यतः दोन. एक सेमाग्लुटाइड, दुसरे टिर्झेपटाइड. आठवड्यातून एकदा त्वचेखाली टोचायची. त्यांनी भूक कमी होते आणि पोट सावकाश रिकामे होते. मार्च २०२५ मध्ये टिर्झेपटाइड 'मौंजारो' नावाने भारतात आले, तेव्हा सर्वांत कमी डोसची एक कुपी ३,५०० रुपयांना होती, म्हणजे महिन्याला १४,००० रुपये. जून २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड 'वेगोवी' नावाने आले. त्याचा सुरुवातीचा डोस महिन्याला १७,३४५ रुपयांचा होता, तो नोव्हेंबरमध्ये १०,८५० रुपयांवर आला. सेमाग्लुटाइडच्या पेटंटची मुदत भारतात मार्च २०२६ पर्यंतच होती. त्यामुळे भारतीय कंपन्यांना तेच औषध बनवण्याची वाट मोकळी झाली. स्वस्ताईचा खरा दरवाजा हा आहे.

आधी हिशेब वजनाचा

किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागा. उंची दीड मीटर आणि वजन ७० किलो असेल तर आकडा येतो ३१. हा बीएमआय. साधारणपणे तो ३० किंवा अधिक असेल, अथवा २७ च्या वर असून मधुमेह, बीपी यांसारखा आजार सोबत असेल, तरच डॉक्टर या औषधांचा विचार करतात. लग्नाआधी चार किलो उतरवायला ही औषधे नाहीत. थायरॉइड, पीसीओडी किंवा स्टेरॉइडच्या गोळ्यांमुळेही वजन वाढते. तसे असेल तर इलाजही वेगळा आणि पुष्कळदा स्वस्त असतो.

खर्च कमी करण्याचे सरळ मार्ग

१. सरकारी रुग्णालयाच्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या मेडिसिन ओपीडीत दाखवा. तपासणीचा खर्च नाममात्र असतो. औषध बाहेरून घ्यावे लागले तरी चिठ्ठी योग्य हातची असते.

२. डॉक्टरांना औषधाचे मूळ नाव लिहायची विनंती करा. मग दोन-तीन मेडिकलमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांच्या किमती विचारा.

३. डोस वाढला की बहुधा खर्चही वाढतो. कमी डोसवर गुण येत असेल तर तिथेच थांबता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. स्वतः ठरवू नका.

४. मधुमेह-बीपीच्या रोजच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रातून घ्या. तिथली औषधे ब्रँडपेक्षा ५० ते ८० टक्के स्वस्त पडतात. वाचलेला पैसा इकडे वळवता येतो.

५. पक्के बिल घ्या. बॅच क्रमांक आणि मुदत पाहा. हे औषध २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते, म्हणून बर्फाच्या पाकिटाशिवाय आलेले पार्सल परत करा.

हे मार्ग नकोत

ब्युटी पार्लरमधून, व्हॉट्सअॅपवरच्या ओळखीतून किंवा आखातातून येणाऱ्या कुणाच्या बॅगेतून हे औषध घेऊ नका. जून २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बनावट सेमाग्लुटाइडबद्दल जगाला सावध केले होते. अशा बनावट पेनांत भलतेच औषध, अगदी इन्सुलिनही असू शकते. त्याने साखर एकाएकी उतरून जीवावर बेतू शकते. एका पेनात दोघी जावांनी भागी करू नये. सुई बदलली तरी संसर्गाचा धोका राहतो. अब्बांच्या मधुमेहाचे इंजेक्शन मुलीने टोचून घेणे तेही चुकीचेच.

मळमळ, उलटी, बद्धकोष्ठता हे त्रास सुरुवातीला होतात. स्वादुपिंडाला पूर्वी सूज आली असेल किंवा घराण्यात थायरॉइडचा विशिष्ट कर्करोग असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. मूल हवे असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी बंद करावे लागते. रमजानपूर्वीही सल्ला घ्या, कारण उलट्या आणि दिवसभर पाणी नाही, हे मिळून अशक्तपणा येतो. हराम-हलालची शंका असणाऱ्यांसाठी इतके सांगतो : मूळ सेमाग्लुटाइड यीस्टच्या मदतीने तयार होते. वजनासाठीच ऑर्लिस्टॅटची कॅप्सूल दिली असेल तर तिचे आवरण जिलेटिनचे असू शकते. ते कशाचे आहे, हे कंपनीला विचारावे.

शेवटी एक गोष्ट पैशाचीच. एका मोठ्या अभ्यासात सेमाग्लुटाइड आणि सोबतचे मार्गदर्शन बंद केल्यावर वर्षभरात लोकांचे उतरलेले वजन दोन तृतीयांश परत आले. म्हणून हिशेब एका महिन्याचा नव्हे, वर्षाचा मांडा. मुलांची फी, घरभाडे, औषध हे सारे एका कागदावर लिहा. झेपत नसेल तर कर्ज काढून सुरू करू नका. तसे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. ताटातला मैदा, तेल आणि शरबत कमी करणे, रोज अर्धा तास चालणे हे औषध घेणाऱ्यालाही चुकत नाही. न घेणाऱ्याने तर आजपासूनच सुरू करावे. त्याला चिठ्ठी लागत नाही.