बुलेटचे इंजिन वाढवायचे? आधी वहीत हिशोब मांडा

उसाचे बिल बँकेत जमा झाले की घरात दोन याद्या तयार होतात. एक आपली: सोसायटीचे कर्ज, खते, बियाणे, मुलीची फी. दुसरी पोराची. हल्ली पोरांच्या यादीत पहिल्याच ओळीला ‘गाडीचे इंजिन’ असते. या विषयावर आपल्या अंकात लिहावे काय, असा विचार मनात आला. पण पैसा उसाचा आहे आणि गाडीवर बसणारा आपलाच पोरगा आहे, तेव्हा लिहिणे भाग आहे.

मी कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून उभी नोकरी केली. मागच्या हंगामात आमच्या गटातले एक सभासद मुलाला घेऊन घरी आले. आजोबांची जुनी बुलेट ३५० शेडमध्ये होती. मुलाच्या हातात कागद. वडील म्हणाले, “फिटरसाहेब, ह्याला पस्तीस हजारांपर्यंत द्यायची माझी तयारी आहे. पण पैसे पाण्यात जाणार नाहीत एवढं तुम्ही बघा.”

मुलाचा कागद असा होता: मोठा कार्बोरेटर ७,०००, मोकळा सायलेन्सर ४,०००, ओव्हरसाईज पिस्टन आणि रिबोअर ६,०००, हेडचे काम ५,०००. एकूण २२,००० रुपये. पोरगा खुशीत होता, कारण तेरा हजार शिल्लक दिसत होते.

नुसती मिल वाढवून गाळप वाढत नाही

मी त्याला विचारले, “कारखान्याचे गाळप वाढवायचे ठरले आणि नुसते मिलचे रोलर मोठे बसवले, तर काय होईल?” तो कारखान्यातच लहानाचा मोठा झालेला. म्हणाला, “काका, बॉयलरला वाफ पुरणार नाही. रस पुढे तुंबेल.”

इंजिनाचेही तसेच आहे. जास्त हवा आणि पेट्रोल आत घेतले की स्फोटाचा जोर वाढतो. तो जोर पिस्टनवरून कनेक्टिंग रॉडवर, तिथून क्रँकवर, मग क्लचवर, चेनवर आणि शेवटी टायरवर येतो. या साखळीत जी कडी कच्ची ती तुटते. जुन्या बिडाच्या इंजिनाच्या बुलेटमध्ये कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला फिरता बुश असतो. साध्या चालीला तो वर्षानुवर्षे टिकतो, पण ऑइल कमी पडले किंवा जोर वाढला की आधी तोच बोलतो. मुलाच्या कागदावर क्रँकचे नावच नव्हते. ब्रेकचेही नव्हते.

किती ताकद मिळणार, हे आकड्यांत

या बुलेटचा बोअर ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक ९० मिलिमीटर. त्यावरून इंजिन ३४६ सीसीचे होते. ताकद १८ अश्वशक्ती. आता रिबोअर करून पिस्टन एक मिलिमीटरने मोठा घातला तर ७१ मिलिमीटरचा बोअर होतो आणि हिशोब ३५६ सीसी येतो. म्हणजे वाढ दहा सीसी, शेकडा तीन. रिबोअरने झिजलेला सिलिंडर पुन्हा गोल होतो, धूर थांबतो, कॉम्प्रेशन परत येते. रिबोअर ही दुरुस्ती होय, ताकद वाढवणे नव्हे. गॅरेजवाला काहीही सांगो, हे गणित आपण वहीत करून बघावे.

दुसरे गणित वेगाचे. जोरात जाताना बहुतेक ताकद वारा कापण्यात खर्च होते, आणि ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग शेकडा दहाने वाढवायचा तर ताकद शेकडा तेहतीसने वाढवावी लागते. १८ अश्वशक्तीच्या गाडीला २४ अश्वशक्ती हवी. एवढी वाढ कार्बोरेटर आणि सायलेन्सर बदलून मिळत नाही.

तिसरे गणित थांबण्याचे, आणि ते सर्वांत महत्त्वाचे. ताशी ८० ऐवजी १०० च्या वेगाने जाताना ब्रेक दाबला, तर थांबायला दीडपटीहून जास्त अंतर लागते. ड्रम ब्रेक, झिजलेले लायनर आणि हंगामात रस्त्यावर सांडलेली उसाची मोळी, हे तिन्ही एकत्र आणून बघा.

आपल्याच उसाचे इथेनॉल

आणखी एक गोष्ट ऊस उत्पादकांनी तरी विसरू नये. फेब्रुवारी २०२३ पासून पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येऊ लागले. हे इथेनॉल उसाचा रस, मळी आणि धान्य यांपासून होते. आपल्या मालाला गिऱ्हाईक मिळाले, हे चांगलेच झाले. पण जुन्या कार्बोरेटरचे जेट निव्वळ पेट्रोलसाठी मोजून काढलेले आहेत. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागते. वीस टक्के मिश्रणात हा फरक सुमारे आठ टक्के पडतो. जेट तोच ठेवला तर मिश्रण पातळ होते आणि इंजिन तापते. त्यात मोकळा सायलेन्सर आणि मोकळा एअर फिल्टर लावला तर आणखी पातळ.

सबब जेट मोठा करून प्लग काढून बघावा. प्लगचे टोक फिक्या तपकिरी रंगाचे असेल तर ठीक. पांढरे पडले असेल तर मिश्रण पातळ, काळी काजळी असेल तर जाड. जुन्या गाडीचे पेट्रोलचे पाइप आणि रबरी वॉशरही बदलून घ्यावेत, इथेनॉलने ते फुगतात. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल ठेवू नये. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते.

माझी स्वतःची चूक

हे सर्व मी पुस्तकातून शिकलो नाही. १९८६ साली माझ्याकडेही बुलेट होती. तरणाबांड होतो, वर्कशॉपमधला शहाणा. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवले, फिल्टर काढून टाकला, जेट मात्र तसाच ठेवला. कुणाला विचारले नाही. चार दिवस गाडी अशी पळाली की काय सांगावे. पाचव्या दिवशी रात्री धाकट्या भावाला मागे बसवून हायवेने येत होतो. पिस्टन सीझ झाला, मागचे चाक जागेवर बांधले गेले. मला खरचटले. भावाचा पाय मांडीत मोडला. त्याची त्या वर्षीची परीक्षा गेली, आणि पाय आजही थंडीत दुखतो. त्याने मला कधी एका शब्दाने बोलून दाखवले नाही, म्हणून ते जास्त लागते.

मुलाला मी हे सांगितले तेव्हा त्याने कागदाची घडी घातली.

नवा अंदाज

मग आम्ही तिघांनी मिळून नवी यादी केली. सुटलेली कामे अशी निघाली: क्रँक उघडून बुश आणि बेअरिंग ८,०००, क्लच प्लेट आणि चेन-स्प्रॉकेट ५,०००, ब्रेक लायनर, ड्रम आणि टायर ७,०००, गास्केट, ऑइल, जेट आणि ट्यूनिंग ३,०००. हे २३,००० झाले. मुलाचे २२,००० मिळवून ४५,०००. इंजिन उघडल्यावर आत काय निघेल ते सांगता येत नाही, म्हणून शेकडा वीस वेगळे धरले: ९,०००. एकूण ५४,०००. वडिलांनी चष्मा काढून ठेवला.

तेव्हा ठरले ते असे. पहिल्या टप्प्यात सुटलेली सगळी कामे आणि त्यासोबत रिबोअर, कारण मोजून पाहता सिलिंडर झिजलेलाच होता. २३ आणि ६ मिळून २९,०००. वरचे शेकडा वीस धरून ३४,८००. वडिलांच्या शब्दात बसले. कार्बोरेटर, सायलेन्सर आणि हेड पुढच्या हंगामावर टाकले.

पहिले हजार किलोमीटर मुलाने गाडी न ताणता चालवली आणि नंतर ऑइल बदलले. पूर्वी दोघे बसले की घाटात दुसरा गिअर टाकावा लागायचा, तो आता तिसऱ्यात चढतो. मूळची १८ अश्वशक्ती कुठेतरी झिजून गेली होती, ती परत मिळाली. कार्बोरेटरची गोष्ट त्याने अजून पुन्हा काढलेली नाही. काढली तर काढू दे. आता पाया पक्का आहे.

कागदपत्रांचे विसरू नका

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातील तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. ३५० चे ५०० सीसी करणे हा असा बदल आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलास ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर आपल्याच अंगावर येतो. कर्णकर्कश सायलेन्सरबद्दल तर बोलायलाच नको. गावात म्हातारी माणसे आणि तान्ही मुलेही राहतात.

तेव्हा सभासद बंधूंनो, पोराला नुसते ‘नाही’ म्हणू नका. त्याला वही द्या. आधी इंजिन मोजून घ्यायला सांगा, दोन ठिकाणचे दर लेखी आणायला सांगा, ब्रेक आणि टायर पहिल्या ओळीत लिहायला सांगा आणि शेकडा वीस बाजूला काढायला लावा. लागणीआधी आपण माती तपासतो, तितकाच हा हिशोब साधा आहे. माझ्या हातात १९८६ साली अशी वही असती तर बरे झाले असते.