सरवा : देवाने ठरवून दिलेला वाटा



डोंगरावरील प्रवचनात प्रभूने रानातली फुले आणि आकाशातली पाखरे दाखवून देवबापाची काळजी समजावून सांगितली (मत्तय ६). हा भाग आपल्या मंडळ्यांत वरचेवर वाचला जातो आणि ऐकणाऱ्याला धीर येतो. फुलसावंगीजवळच्या एका वस्तीवर हा भाग ऐकल्यावर एका आंध बाईने मला विचारले, "ताई, पाखराचं पोट देव भरते म्हन्ता, मंग माह्या लेकरानं उपाशी काहून झोपाव?" बाई विधवा आहे. स्वतःच्या नावे जमीन नाही. कापसाची वेचणी संपली की हाताला काम नसते.

तिचा प्रश्न अविश्वासाचा नाही. स्तोत्रकर्त्यांनीही देवाला असे प्रश्न विचारले आहेत. पण "प्रार्थना करा, देव पाहून घेईल" एवढे म्हणून निघून जाणेही शास्त्राला धरून नाही. पोट रिकामे असलेल्या भावाला नुसता आशीर्वाद देऊन वाटेला लावणाऱ्या विश्वासाला याकोबाने मेलेला विश्वास म्हटले आहे (याकोब २). मग देवाची काळजी माणसापर्यंत पोहोचते कशी? पवित्र शास्त्राने याचे एक उत्तर शेतकामाच्या शब्दात दिले आहे. तो शब्द आपल्या भागातल्या प्रत्येक मजुराला ठाऊक आहे : सरवा.

सरवा म्हणजे काय

पीक काढून झाल्यावर शेतात जे राहून जाते, गळलेले कणीस, जमिनीत राहिलेली भुईमुगाची शेंग, बोंडात अडकलेला कापूस, तो सरवा. आपल्याकडे अजूनही बायका-पोरे मालकाला विचारून सरवा वेचतात. मालक चांगला असेल तर वेचू देतो, नसेल तर हाकलतो. सरवा मिळणे न मिळणे त्याच्या मर्जीवर असते.

मोशेच्या नियमशास्त्रात ही गोष्ट मर्जीवर ठेवलेली नाही. लेवीय १९ आणि अनुवाद २४ हे अध्याय जरूर वाचा. शेताचे कोपरे कापायचे नाहीत. पेंढी शेतात विसरली तर ती आणायला परत जायचे नाही. जैतुनाचे झाड एकदा झोडपले की पुन्हा झोडपायचे नाही. द्राक्षमळ्यात दुसऱ्यांदा खुडणी करायची नाही. जे राहील ते परदेशी, अनाथ आणि विधवा यांचे.

इथे तीन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली, हा देवाने घालून दिलेला नियम आहे. कोपऱ्यातले पीक मालकाने दान करायचे नसून ते मुळात त्याचे नाहीच. दुसरी, कोपऱ्यातले पीक बाकीच्या शेतासारखेच चांगले आहे. किडके वेगळे काढून गरिबाला द्या, असे कुठेही म्हटलेले नाही. तिसरी, गरीब मनुष्य स्वतःच्या हाताने वेचतो. मालकाच्या दारात ओटी पसरून त्याला उभे राहावे लागत नाही. संध्याकाळी तो आपल्या कष्टाचे धान्य घेऊन घरी जातो.

आणि हे सगळे का करायचे, त्याचे कारणही अनुवादात दिले आहे : तुम्ही स्वतः मिसर देशात गुलाम होता, याची आठवण ठेवा. ज्याने लाचारी भोगली आहे त्याने दुसऱ्याला लाचार करू नये.

बवाजाचे शेत

हा नियम प्रत्यक्षात कसा चालत असे, ते रूथच्या पुस्तकात दिसते. रूथ मवाबी, म्हणजे परक्या मुलखातली आणि परक्या दैवताच्या लोकांतली. नवरा वारलेला. सासू नामी म्हातारी. सातूच्या हंगामात रूथ सरवा वेचायला निघते आणि बवाजाच्या शेतात येते.

बवाज नियमाच्या पुढे जातो. तिला त्रास देऊ नका, असे तो गड्यांना बजावतो. एकट्या बाईला परक्या रानात कशाची भीती असते, हे त्याला कळते. तहान लागली तर गड्यांनी भरलेल्या पाण्यातून पी, असे तो तिला सांगतो. जेवणाच्या वेळी तिला आपल्या माणसांत बसवतो. आणि गड्यांना सांगतो की पेंढ्यांतून मूठ मूठ मुद्दाम गळू द्या, तिला बोलू नका. रूथने संध्याकाळी झोडपले तेव्हा सुमारे एक एफा सातू भरला, आजच्या मापाने वीसेक लिटर.

या कथेत एक बारीक पण फार मोलाची गोष्ट आहे. दुसऱ्या अध्यायात बवाज रूथला आशीर्वाद देताना म्हणतो की इस्राएलाच्या देवाच्या पंखांखाली तू आश्रयाला आली आहेस. तिसऱ्या अध्यायात रूथ बवाजाला आपले पांघरूण माझ्यावर घाल, अशी विनंती करते. मराठीत हे दोन वेगळे शब्द आहेत. मूळ हिब्रूत मात्र दोन्ही ठिकाणी एकच शब्द आहे, कानाफ. त्याचा अर्थ पंख आणि वस्त्राचा पदरही. देव तुला पंखाखाली घेवो, असे म्हणणाऱ्यालाच रूथ जणू सांगते की तो पंख तुझ्याच खांद्यावर आहे. त्याने केलेल्या प्रार्थनेचे उत्तर देव त्याच्याच हातून देतो.

माझ्या समजुतीप्रमाणे आंध बाईच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. देवाने तिच्या लेकराचा वाटा काढून ठेवला आहे. तो कोणाच्या तरी शेताच्या कोपऱ्यात उभा आहे. तिथवर जाण्याची तिची वाट कोणी अडवली असेल, तर दोष देवाच्या काळजीचा नाही.

रमाबाईंनी काय केले

हे महाराष्ट्रात घडलेले आहे. पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळात उपासमारीने गेले. तरुण रमाबाईंनी स्वतः भूक सोसली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या मुलींची दशा त्यांच्या कानावर आली, तेव्हा त्या घरी बसल्या नाहीत. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो निराधार मुली व विधवांना घेऊन आल्या. पुण्याजवळच्या केडगावात त्यांनी मुक्तीचे काम उभे केले.

पण रमाबाई केवळ जेवण देऊन थांबल्या नाहीत. मुक्तीत मुली लिहा-वाचायला शिकल्या, शेती, विणकाम आणि छपाई शिकल्या. अंध स्त्रियांना ब्रेल लिपी शिकवली गेली. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीकमधून केलेले बायबलचे मराठी भाषांतर मुक्तीच्याच छापखान्यात छापले गेले. ज्या हातांनी कधी मूठभर दाण्यांसाठी ओंजळ पुढे केली असेल, तेच हात देवाच्या वचनाचे खिळे जुळवत होते. सरव्याचा नियम समजलेल्या बाईचे हे काम आहे.

दया आणि हक्क

आमच्या भागात सेवाकार्य म्हटले की लोकांना ब्लँकेट आणि धान्याची पिशवी आठवते. त्यांचीही वेळोवेळी गरज असते. पण आमचे बरेच दिवस कागदांत जातात : जातीचा दाखला, रेशन कार्डावर नाव, विधवेचे निराधार अनुदान, वनहक्काचा दावा. "हे काय मिशनचे काम?" असे काही पाठीराखे प्रेमाने विचारतात. होय, हेच सरव्याचे काम आहे.

वनहक्काचेच पाहा. २००६ च्या कायद्याने जंगलजमीन पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या आदिवासीचा हक्क मान्य केला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन प्रत्यक्ष ताब्यात असेल तर जास्तीत जास्त ४ हेक्टरपर्यंत दावा करता येतो. लग्न झालेल्यांचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे होतो, त्यामुळे पुढे बाई विधवा झाली तरी तिचे नाव कागदावर राहते. दावा आधी गावातली वनहक्क समिती तपासते, मग तो ग्रामसभेपुढे येतो, तिथून उपविभागीय समितीकडे आणि शेवटी जिल्हा समितीकडे जातो. नामंजूर झाला तर ६० दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागता येते. हे ६० दिवस अनेकांच्या हातून निसटतात, कारण आलेला कागद वाचून दाखवायला जवळ कोणी नसते. अशा वेळी एक शिकलेला मुलगा किंवा मुलगी सोबत तालुक्याला गेली, तर एका कुटुंबाची जमीन वाचू शकते.

रोजगार हमीचेही तसेच. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात ही योजना वाढली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. काम मागणे ही भीक नाही, तो हक्क आहे, असे त्या कायद्याने मानले. शेताच्या कोपऱ्याविषयी मोशेने सांगितलेले याहून फार वेगळे नाही.

नाव न विचारता

आता एक अवघड विषय. मदत देऊन लोकांना ख्रिस्ती केले जाते, असा आरोप आपल्यावर होतो. दुसऱ्या बाजूने आपलेच काही बंधू विचारतात, "इतके केले, मग किती जण प्रभूकडे आले?" दोन्ही प्रश्नांना शास्त्राचे उत्तर एकच आहे.

वाटेत जखमी पडलेल्याची जात किंवा देऊळ शोमरोन्याने विचारले नाही. त्याने जखमा बांधल्या, त्याला आपल्या जनावरावर बसवले, उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार दिले आणि जास्त लागले तर परत येताना देईन, असे सांगितले (लूक १०). दीनार म्हणजे त्या काळी मजुराची एका दिवसाची मजुरी. दहा कुष्ठरोगी बरे झाले, आभार मानायला एकच परतला (लूक १७). उरलेले नऊ का आले नाहीत, असे प्रभूने विचारले, पण त्यांचे बरेपण परत घेतले नाही. आणि पवित्र आत्म्याचे दान पैशाने मागणाऱ्या शिमोनाला पेत्राने खडसावले (प्रेषितांची कृत्ये ८). देवाचे दान विकत घेता येत नसेल, तर कोणाचा विश्वास धान्याच्या पिशवीने विकत घेता येईल का? असा विश्वास पिशवी संपली की संपतो.

म्हणून आमच्या यादीत गरज लिहिली जाते, उपासनेची हजेरी लिहिली जात नाही. आम्ही हे का करतो, असे कोणी विचारले तर प्रभू येशूचे नाव आम्ही लपवत नाही. पण वाटा घेण्यासाठी ते नाव घेण्याची अट नाही. कोपऱ्यातले पीक अट घालून ठेवलेले नव्हते.

घेणाराही देतो

एलीयाला दुष्काळात देवाने कोणाकडे पाठवले? श्रीमंताकडे नाही, तर शेवटची मूठभर पिठाची भाकर करायला निघालेल्या सारफथच्या विधवेकडे (१ राजे १७). आदिवासी वस्तीवर काम करताना ही कथा वेगळीच उमजते. इथे सावडीची रीत आहे. आज माझ्या शेतात तुम्ही, उद्या तुमच्या शेतात मी. ऐन वेचणीत एका घरची बाई तापाने पडली, तेव्हा शेजारणींनी आपली दिवसाची मजुरी सोडून तिचा कापूस वेचून दिला. त्यांना कोणी प्रवचन दिले नव्हते. आपण वस्तीवर देवाची काळजी घेऊन जातो, असे म्हणताना ती आपल्या आधी तिथे पोहोचलेली असते, हे विसरू नये.

आपण काय करू शकतो

आपला कोपरा आधी ठरवा. महिनाअखेर उरले तर देऊ, असे म्हटले की बहुधा उरत नाही. सरव्याचा कोपरा कापणीच्या आधीच सोडलेला असे. पगार हाती आला त्या दिवशी थोडे बाजूला काढणे हीच आजची रीत.

वस्तू पाठवायची असेल तर आपण स्वतः वापरू अशीच पाठवा. फाटके लुगडे आणि चेन तुटलेली शाळेची बॅग पाहून घेणाऱ्याची मान खाली जाते.

ज्यांना पैसे देणे जमत नाही त्यांनी वेळ द्यावा. अर्ज भरता येणारा कॉलेजचा विद्यार्थी, निवृत्त शिक्षक, नर्स, तलाठी कार्यालयाची कामे माहीत असलेला गृहस्थ, अशा माणसांची आम्हाला फार गरज आहे. आणि घरी काम करणारी बाई, शेतावरचा गडी, दारावरचा रखवालदार यांचे वेतन वेळेवर द्या. मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यावी, हे सरव्याच्या नियमाच्या अगदी शेजारीच, अनुवादाच्या त्याच अध्यायात सांगितले आहे.

प्रार्थनेसाठी विषय

१. वेचणी संपल्यावर कामासाठी गाव सोडणाऱ्या कुटुंबांसाठी, आणि त्यांच्याबरोबर जाऊन शाळा सुटणाऱ्या मुलांसाठी.

२. ज्यांचे वनहक्काचे दावे समित्यांपुढे आहेत त्यांच्यासाठी, आणि ते तपासणाऱ्या अधिकाऱ्यांना न्यायबुद्धी मिळावी म्हणून.

३. एकट्याने घर चालवणाऱ्या विधवांसाठी. त्यांचा वाटा त्यांच्यापर्यंत पोहोचावा आणि तो त्यांना मान ताठ ठेवून घेता यावा.

४. आपल्यासाठी. आपल्या शेताचा कोपरा कोणता, हे प्रभूने प्रत्येकाला दाखवावे.