बेंबीपाशी आखलेली रेघ

आज अमेरिकेतल्या विचिटाला जायचं ठरलं होतं. गर्भपात करणारे डॉ. जॉर्ज टिलर यांचा तिथला दवाखाना आणि 2009 मध्ये चर्चमध्ये झालेला त्यांचा खून, हा सगळा भाग पुढच्या आठवड्यावर ढकलतो आहे. त्याला कारण सांगलीच्या एका वाचकांचं पत्र. दोनच ओळींचं आहे: ‘‘2003 च्या अमेरिकन कायद्याने कितव्या आठवड्यानंतर गर्भपाताला बंदी आली? तीन लेख झाले, तुम्ही आकडा काही सांगत नाही.’’

सांगत नाही, कारण त्या कायद्यात आठवड्यांचा आकडाच नाही.

वाचकांना तो असेल असं वाटणं अगदी साहजिक आहे. आपल्याकडे या विषयावर माणसं आठवड्यांतच बोलतात. 1971 च्या कायद्याने 20 आठवड्यांची मर्यादा घातली. 2008 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जे प्रकरण गाजलं, त्यात गर्भाच्या हृदयात दोष होता, पण वीस आठवडे उलटून गेले होते आणि परवानगी नाकारली गेली. 2021 च्या दुरुस्तीने ठरावीक स्त्रियांसाठी मर्यादा 24 वर नेली आणि गंभीर व्यंग असेल तर त्यापुढचा निर्णय वैद्यकीय मंडळाकडे सोपवला. अमेरिकेतली भाषणं ऐकली तर तिथेही ‘उशिराचे गर्भपात’ हेच शब्द सारखे कानावर पडतात. कायद्याचा मजकूर उघडला की मात्र त्यात ना आठवडा सापडतो, ना महिना. सापडते ती बेंबी. आजचा लेखांक त्या बेंबीवरच खर्च करणार आहे. हा माझा फार जुना आवडता विषय आहे, वाचकांनी चालवून घ्यावं.

थोडं वैद्यकीय बोलावं लागेल, आणि ते ऐकायला सुखाचं नाही. तीन महिने उलटल्यावर गर्भपात करायचा तर अमेरिकेत बहुतेक ठिकाणी पिशवीचं तोंड रुंद करून गर्भ तुकड्यांनी काढतात. ओहायोतले डॉ. मार्टिन हॅस्केल यांनी सप्टेंबर 1992 मध्ये डलासच्या एका परिसंवादात वेगळ्या रीतीवर निबंध वाचला. पिशवीचं तोंड आधीपासून हळूहळू जास्त रुंद करायचं, गर्भ पायाळू करून मानेपर्यंत अखंड बाहेर आणायचा, मग डोकं अडकतं म्हणून कवटीला छेद घेऊन आतलं शोषून घ्यायचं. पिशवीत हत्यारं कमी वेळा घालावी लागतात, हाडांच्या टोकांनी इजा होण्याचा धोका कमी, हा वैद्यकीय युक्तिवाद. अशा सातशेहून अधिक शस्त्रक्रिया आपण केल्याचं निबंधातच लिहिलं होतं. लॉस एंजेलिसचे डॉ. जेम्स मॅकमेहन त्याच्याही आधीपासून असंच काहीसं करत होते.

निबंध होता डॉक्टरांसाठी. तो विरोधकांच्या हाती लागला आणि त्यावरून काढलेली रेखाचित्रं थोड्याच दिवसांत देशभर फिरू लागली. 1995 मध्ये फ्लोरिडाच्या चार्ल्स कॅनडी यांनी प्रतिनिधीगृहात या रीतीवर बंदी घालणारं विधेयक आणलं, तेव्हा ती चित्रं फलकांवर चढून थेट काँग्रेसमध्ये पोचली. या वादात त्या चित्रांइतकं काम कुठल्याच भाषणाने केलेलं नाही, असं माझं मत आहे. आधीची वीस वर्षं वाद स्त्रीच्या हक्काभोवती फिरत होता. चित्रात स्त्री नव्हतीच, असलीच तर कमरेपुरती.

आता आठवड्यांकडे येतो, कारण तो मार्ग कुणाला सुचलाच नव्हता असं नाही. क्लिंटन यांनी एप्रिल 1996 मध्ये पहिलं विधेयक परत पाठवलं, आईच्या प्रकृतीसाठी अपवाद नाही म्हणून. पुढच्या वर्षी तेच विधेयक पुन्हा सिनेटमध्ये आलं तेव्हा डेमोक्रॅट नेते टॉम डॅशल यांनी पर्याय ठेवला: गर्भ आईबाहेर जगू शकेल अशा अवस्थेनंतर गर्भपातच नको, पद्धत कुठलीही असो, अपवाद फक्त आईच्या जिवाचा आणि प्रकृतीला गंभीर इजा होण्याचा. वरवर पाहता ही बंदी जास्त कडक. मतं पडली बाजूने 36, विरोधात 64.

बंदीवाल्यांनी कडक पर्याय का नाकारला? प्रकृतीचा अपवाद म्हणजे मोठं भगदाड, असं ते म्हणत. पण दुसरं कारण समजायला रॉन फिट्झसिमन्स यांच्याकडे वळावं लागतं. हे गृहस्थ गर्भपात करणाऱ्या दवाखान्यांच्या एका संघटनेचे प्रमुख. ‘अशी प्रकरणं अगदी तुरळक, आईच्या जिवावर बेतलं किंवा गर्भात भयंकर व्यंग निघालं तरच,’ असं त्यांची बाजू सांगत असे. फेब्रुवारी 1997 मध्ये त्यांनी जाहीर कबुली दिली की आपण टीव्हीवर धडधडीत खोटं बोललो होतो. बहुतेक प्रकरणांत आई निरोगी, गर्भही निरोगी, आणि दिवस गेलेले वीस आठवड्यांच्या थोडे पुढे. म्हणजे गर्भ बाहेर जगू शकण्याच्या बहुधा अलीकडचेच. डॅशल यांच्या बंदीत यातलं काहीच आलं नसतं! कडक दिसणारी बंदी नेमक्या ज्या शस्त्रक्रियांवर रान उठलं होतं त्यांना चुकवून गेली असती. त्या कबुलीने गर्भपात-हक्काच्या बाजूचं जे नुकसान झालं ते भरून यायला फार वर्षं लागली, आणि ते त्यांनी स्वतःच ओढवून घेतलं होतं.

तेव्हा आठवडा बाद झाला, पद्धत उरली. पण पद्धत कायद्याच्या भाषेत पकडायची कशी? वॉशिंग्टनमध्ये नकाराधिकाराची भिंत होती, म्हणून राज्यांनी आपापले कायदे केले. त्यातल्या नेब्रास्काच्या 1997 च्या कायद्याने म्हटलं, जिवंत गर्भ किंवा त्याचा ‘लक्षणीय भाग’ योनिमार्गात आणून मग मारला तर गुन्हा. हवाई दलातून निवृत्त झालेले सर्जन डॉ. लीरॉय कारहार्ट कोर्टात गेले. त्यांचा सवाल साधा होता: नेहमीच्या रीतीत गर्भाचा हात किंवा पाय आधी बाहेर येतोच, तो लक्षणीय भाग की नाही? जून 2000 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी त्यांचं ऐकलं. शब्द इतके सैल की दुसऱ्या तिमाहीत सर्रास वापरली जाणारी रीतही सापळ्यात येते, आणि प्रकृतीचा अपवाद नाही, अशी न्या. ब्रायर यांनी दोन कारणं दिली.

मसुदा लिहिणाऱ्यांनी पहिलं कारण नीट वाचलं. 2003 च्या केंद्रीय कायद्यात ‘लक्षणीय भाग’ गेला आणि शरीरावर मोजता येतील अशा दोन खुणा आल्या. गर्भ डोक्याकडून येत असेल तर अख्खं डोकं आईच्या शरीराबाहेर. पायाळू असेल तर धड बेंबीच्या पुढे बाहेर. गर्भ जिवंत असताना डॉक्टरने मुद्दाम तिथवर आणला आणि त्यानंतर वेगळी कृती करून मारला, तर दोन वर्षांपर्यंत कैद. बेंबीच्या अलीकडे तेच केलं तर या कायद्याला काही म्हणायचं नाही. शेताच्या बांधासारखी ही रेघ आहे, आणि टेबलावर रक्तस्राव चालू असताना ती मोजायची. स्त्रीवर खटला नाही. तिचा नवरा मात्र डॉक्टरवर भरपाईचा दावा लावू शकतो, आणि ती अठराच्या आतली असेल तर तिचे आईवडीलही.

दुसरं कारण, प्रकृतीचा अपवाद, त्यांनी वेगळ्या रीतीने निकालात काढलं. ही शस्त्रक्रिया वैद्यकीयदृष्ट्या कधीच गरजेची नसते, असा निष्कर्ष काँग्रेसने कायद्यातच लिहून टाकला. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेचं मत याच्या उलट होतं. कुठल्याही वैद्यकीय महाविद्यालयात ही शिकवली जात नाही, असंही कायद्यात लिहिलं होतं. ते खरं नव्हतं, आणि पुढे कायदा उचलून धरणाऱ्या निकालातच न्या. केनेडी यांना तसं मान्य करावं लागलं.

5 नोव्हेंबर 2003 ला बुश यांनी सही केली. खटले तीन ठिकाणी उभे राहिले: सॅन फ्रान्सिस्को, न्यूयॉर्क आणि नेब्रास्कातलं लिंकन. न्यूयॉर्कचे न्या. रिचर्ड केसी दृष्टिहीन होते. त्यांनी डॉक्टरांची उलटतपासणी जवळजवळ स्वतःच घेतली: बाईंना हे तपशील सांगता का? गर्भाला वेदना होतात का, हे विचारता का? निकालात त्यांनी शस्त्रक्रियेला रानटी ठरवलं, आणि त्याच निकालात कायदाही रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाचा 2000 चा निर्णय समोर होता आणि तो पाळणं त्यांचं काम होतं. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त आदर वाटतो तो या गृहस्थांबद्दल.

सर्वोच्च न्यायालयात दरम्यान एक खुर्ची बदलली होती. 2000 मध्ये बहुमतात असलेल्या सँड्रा डे ओकॉनर निवृत्त झाल्या, त्यांच्या जागी सॅम्युअल अलिटो आले. 18 एप्रिल 2007 ला तोच कारहार्ट, तोच मुद्दा, पुन्हा 5 विरुद्ध 4, पण उलट्या बाजूने. कायदा का टिकला? केनेडींनी शरीरावरच्या त्या दोन खुणांवर बोट ठेवलं. रेघ स्पष्ट आहे, डॉक्टरला कळते, आणि तिच्या अलीकडच्या रीती खुल्या आहेत, म्हणजे स्त्रीवर अवाजवी भार पडत नाही. न्या. रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी आपलं विरोधी मत कोर्टात वाचून दाखवलं. त्यांनी याच मुद्द्याची दुसरी बाजू दाखवली: दुसऱ्या रीती खुल्या आहेत, तर हा कायदा एकही गर्भ वाचवत नाही.

मला हे उत्तर नसलेलं वाक्य वाटतं. कायदा टिकावा म्हणून तो इतका अरुंद केला की त्याने अडवायचं काही उरलंच नाही. गटमाकर संस्थेच्या पाहणीनुसार 2000 मध्ये अमेरिकेतल्या सुमारे 13 लाख गर्भपातांपैकी या रीतीचे होते साधारण 2,200. तेही बंद झाले नाहीत, त्यांची रीत बदलली. निकालानंतर बॉस्टनमधल्या मोठ्या रुग्णालयांतल्या डॉक्टरांनी उशिराच्या शस्त्रक्रियेआधी गर्भाच्या हृदयाचे ठोके थांबवणारं इंजेक्शन द्यायला सुरुवात केली. कायदा जिवंत गर्भापुरता आहे. ठोके आधीच थांबले असतील तर बेंबीचा प्रश्नच येत नाही. त्या इंजेक्शनचा स्त्रीला वैद्यकीय फायदा काय, यावर डॉक्टरांत एकमत नाही. वकिलांना फायदा उघड होता.

आणि हे कळलं होतं दोन्ही बाजूंना. 2007 मध्येच कोलोरॅडो राइट टू लाइफ ही कडवी गर्भपातविरोधी संघटना आणि तिचे मित्र आपल्याच गोटातल्या नेत्यांवर तुटून पडले. त्यांनी वर्तमानपत्रात पानभर जाहीर पत्र छापून बंदीचं कौतुक करणाऱ्या जेम्स डॉब्सन यांना धारेवर धरलं. तक्रार काय, तर या निकालाने एकही बाळ वाचणार नाही, उलट न्यायालयाने दुसऱ्या रीती कशा वापरता येतील ते सांगितलं आहे! न्या. गिन्सबर्ग आणि हे लोक एका मुद्द्यावर तंतोतंत एकमत झाल्याचं दुसरं उदाहरण माझ्या तरी वाचनात नाही.

डॉब्सन यांच्या बाजूने मात्र हिशेब वेगळा होता, आणि राजकारण म्हणून तो चुकीचा नव्हता. प्रकृतीचा अपवाद नसलेली देशव्यापी बंदी सर्वोच्च न्यायालयाने प्रथमच चालवून घेतली होती. आठवड्यांकडे वळायला त्यांना आता मोकळीक मिळाली. नेब्रास्कानेच 2010 मध्ये 20 आठवड्यांवर रेघ ओढली, तीही गर्भाला वेदना होतात या आधारावर. ती मोजणी आणि वेदनेचं शास्त्र हा स्वतंत्र लेखांक आहे. त्याआधी विचिटा.