खतन्यानंतर रक्त थांबेना? फॅक्टर ५ आणि ८ दोन्ही तपासा

मुंब्रा, भिवंडी, कल्याण कुठेही बघा. खतन्यानंतर बाळाचं रक्त लवकर थांबत नाही, दात काढल्यावर रात्रभर रक्त येतं किंवा मुलीला पाळीत फार रक्तस्राव होतो, तर घरात म्हणतात, 'अंगात गर्मी आहे.' पण यामागे आनुवंशिक आजार असू शकतो. त्यातलाच एक दुर्मिळ आजार म्हणजे रक्त गोठवणाऱ्या फॅक्टर ५ आणि फॅक्टर ८ या दोन प्रथिनांची एकत्रित कमतरता. १९५४ मध्ये त्याची पहिली नोंद झाली.

गंमत अशी की, ही दोन्ही प्रथिनं बनवणारे जीन्स ठीक असतात. भिवंडीच्या कारखान्यात कापड तयार आहे, पण टेम्पोत चढवायला हमाल नाही, तसंच हे. पेशीत तयार झालेली ही प्रथिनं उचलून पुढे पाठवायचं काम एलमॅन१ आणि एमसीएफडी२ ही जोडी करते. त्यातलं एक जरी बिघडलं तरी माल आतच अडकतो. थोडा निसटून बाहेर येतो, म्हणून रक्तात दोन्ही फॅक्टर साधारण ५ ते ३० टक्केच सापडतात. एलमॅन१ चा दोष १९९८ मध्ये कळला, एमसीएफडी२ चा २००३ मध्ये.

हिमोफिलिया बहुतेक मुलांनाच होतो. हा आजार मुलगा-मुलगी दोघांनाही सारखाच होतो. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. चुलत-मामे नात्यातल्या निकाहात दोघांकडे एकच दोष असण्याची शक्यता वाढते. असा निकाह जायज आहे, पण फर्ज नाही. घराण्यात रक्तस्रावाचा इतिहास असेल तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यायला काय हरकत आहे?

हिमोफिलियात पीटी तपासणी नॉर्मल येते, फक्त एपीटीटी वाढते. इथे दोन्ही वाढतात. हिमोफिलिया समजून नुसतं फॅक्टर ८ दिलं तर फॅक्टर ५ ची उणीव तशीच राहते. त्यासाठी फ्रेश फ्रोझन प्लाझ्मा लागतो.

परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय इम्युनोहेमॅटॉलॉजी संस्था आहे. अशा आजारांवर तिथे काम चालतं. म्हणून सांगतो, घरात कुणाला असा त्रास झाला असेल तर पुढच्या मुलाच्या खतन्याआधी, ऑपरेशनआधी डॉक्टरांना स्पष्ट सांगा. लपवू नका.