घाटातली उष्णता आणि नॅनोकण

मे महिन्यात हापूसच्या पेट्यांनी भरलेली गाडी साखरप्याहून आंबा घाट चढू लागते, तेव्हा इंजिनावर भार मोठा असतो आणि वेग कमी असल्याने रेडिएटरला समोरून वारा जेमतेम मिळतो. इंधनातली साधारण एक तृतीयांश ऊर्जा उष्णतेच्या रूपात कूलंटमध्ये उतरते. ती बाहेर पडली नाही, की गाडी ‘हिट’ होते.

मग कूलंटच सुधारला तर?

कूलंटमधल्या पाण्याची उष्णतावाहकता ०.६ वॉट प्रति मीटर-केल्विन, इथिलीन ग्लायकॉलची त्याच्याही निम्म्याहून कमी. तांब्याची मात्र ४००च्या आसपास! घन कण मिसळल्याने माध्यमाची वाहकता किती वाढेल, याचे गणित मॅक्सवेल यांनी १८७३ मध्येच मांडले होते. पण जाडसर पूड तळाशी बसते, नळ्या तुंबवते. १९९५ मध्ये अमेरिकेच्या अरगॉन प्रयोगशाळेतील स्टीफन चोई यांनी नॅनोमीटर मापाचे कण सुचवले आणि अशा द्रवांना ‘नॅनोफ्लुइड’ म्हटले. २००१ मध्ये तिथल्याच प्रयोगात ग्लायकॉलमध्ये अवघे ०.३ टक्के तांब्याचे नॅनोकण घातल्यावर वाहकता ४० टक्क्यांपर्यंत वाढलेली दिसली. आयआयटी मद्रासच्या सरित दास यांच्या गटाला तापमानाबरोबर हा लाभ वाढताना आढळला. तापलेल्या इंजिनासाठी याहून चांगली बातमी कोणती?

पुढे तीसहून अधिक संस्थांनी एकसारखे नमुने तपासले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की वाढ खरी आहे, पण ती मॅक्सवेलच्या वाटेने जाणाऱ्या गणितात बसेल एवढीच. चमत्कार उरला नाही. विज्ञानाच्या दृष्टीने मात्र ही तपासणी मोलाचीच.

रेडिएटरमध्ये आणखी एक अडचण आहे. कूलंटमधून नळीच्या भिंतीपर्यंत उष्णता सहज येते. तिथून हवेत जाताना मात्र अडते. मुख्य अडथळा हवेच्या बाजूचा, म्हणूनच नळ्यांना पातळ पाती जोडून पृष्ठभाग वाढवलेला असतो. द्रव कितीही सुधारला तरी हा अडथळा तसाच राहतो. शिवाय कणांमुळे द्रव दाट होतो, पंपाला जास्त शक्ती लागते, आणि कण गोळा होऊन खाली बसण्याचा धोकाही असतो. घाटात तापणाऱ्या गाडीला आज पात्यांत अडकलेली लाल माती काढणे आणि पंखा नीट चालवणे जास्त उपयोगी पडेल.

या द्रवांना खरा वाव आहे तो अडथळा द्रवाच्याच बाजूला असेल तिथे: इलेक्ट्रॉनिक चिपला चिकटलेल्या केसासारख्या बारीक वाहिन्यांमध्ये.