नऊ इंचाचा कॉलम बारा इंचाचा का झाला?

कोकणातले आमचे घर अब्बांनी १९८८ साली बांधले. आखातातली कमाई, भिंती चिऱ्याच्या आणि वर स्लॅब. गेली तीन वर्षे त्या स्लॅबचे पोपडे पडत होते. एका रात्री अम्मीच्या पलंगाशेजारी घमेलेभर काँक्रीट कोसळले, तेव्हा घर नव्याने बांधायचे ठरले.

इंजिनिअरसाहेबांचे अंदाजपत्रक पाहून अब्बा चिडले. "आपल्या घराला नऊ इंचाचे कॉलम होते, भिंतीत लपून जायचे. हे बारा इंची खोलीत बाहेर येणार. माणूस लुटतोय!" खरे सांगायचे तर आम्हालाही तसेच वाटले होते. मग एक संध्याकाळ बसून एकेक आकडा विचारून घेतला.

भूकंपाच्या नकाशात किल्लारीचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तिथे दगड-मातीच्या जाड भिंती आणि जड माळवदे झोपलेल्यांवर कोसळली. सुमारे दहा हजार माणसे गेली. २००२ च्या सुधारित मानकात पहिले क्षेत्रच रद्द झाले आणि लातूर तिसऱ्यात गेले. त्या मानकात कोकणपट्टीही तिसऱ्यात होती, कोयनेच्या आसपासचा भाग चौथ्यात. या क्षेत्रांतल्या आरसीसी इमारतींच्या सळईकामासाठी आयएस १३९२० हे मानक आहे, आणि २०१६ च्या आवृत्तीनुसार कॉलमची कोणतीही बाजू ३०० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे साधारण बारा इंचांपेक्षा, कमी चालत नाही. नऊ बाय बाराचा कॉलम बारा बाय बारा केला की काँक्रीट सुमारे ३३ टक्के वाढते.

रिंगांचे मात्र निराळे आहे. रिंगेची टोके काटकोनात न ठेवता १३५ अंशांत आत वळवायची असतात, म्हणजे धक्क्यात ती उघडत नाही. याला पैसा फार लागत नाही, पण गवंडी कंटाळा करतात.

आमचा जुना स्लॅब मात्र भूकंपाने नाही, खाऱ्या हवेने खाल्ला. फोडून पाहिले तर सळईखाली अर्धा इंचही काँक्रीट नव्हते. वर पाणी खाडीकाठच्या विहिरीचे, चवीला मचूळ. आयएस ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीत आरसीसीसाठी किमान दर्जा एम १५ वरून एम २० झाला. किनाऱ्यालगत आडोशाच्या काँक्रीटला एम २५ आणि उघड्यावरच्याला एम ३० लागतो. सळईवरचे आवरण आडोशाला ३० आणि उघड्यावर ४५ मिलिमीटर. पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंतच चालते. हजार चौरस फुटांच्या पाच इंची स्लॅबला एम १५ ऐवजी नुसता एम २० धरला तरी सिमेंटच्या वीसेक गोण्या जास्त लागतात. एम २५ पासून पुढे घमेली मोजून चालत नाही, प्रयोगशाळेतून मिश्रण ठरवून घ्यावे लागते. आम्ही घेतले, आणि पाणीही तपासले. विहीर नापास झाली. टँकरचा खर्च अंदाजपत्रकात नव्हता.

नदीची वाळू मिळणेच अवघड झाले आहे. आयएस ३८३ मध्ये दगड फोडून केलेल्या वाळूलाही जागा आहे. ती चालते, पण भुकटी जास्त असलेली नको.

एवढे ऐकूनही बजेट वाढणार नव्हते. धाकट्या भावाचे म्हणणे, कॉलम बारीक करा आणि वरची खोली राहू द्या. तिथे आम्ही अडून बसलो. वरची खोली सोडली, दर्शनी ग्रॅनाइट सोडले, फरशी साधी घेतली. पुढे मजला चढवण्यासाठी सोडलेल्या सळया उघड्या राहिल्या तर दोन पावसाळ्यांत गंजतात, म्हणून त्या हलक्या काँक्रीटमध्ये झाकून घेतल्या आहेत.

अब्बांनी अजून इंजिनिअरसाहेबांना बरोबर म्हटलेले नाही. पण रोज सकाळी काठी घेऊन साइटवर जातात. परवा त्यांनी गवंड्याला तीन रिंगा पुन्हा वाकवायला लावल्या.